जुन्या जीपगाडीतील हवेची गळती व ब्रेकचे दोष : निदान आणि उपाय

खेड्यापाड्यांतून जुनी जीपगाडी अद्याप पुष्कळ कामे करते. भाजीपाला बाजारात पोचविणे, खते व बियाणे आणणे, आजारी माणसास दवाखान्यात नेणे, अशा कामी ती उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी मुंबईच्या महिंद्र कंपनीने सुरू केली. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला आणि विकास गटाची जीप हे ग्रामीण भागात ओळखीचे वाहन झाले. त्या घडणीच्या पेट्रोल जीपा आणि त्यांच्यानंतर आलेल्या डिझेल जीपा काही शेतकऱ्यांनी जपून ठेवल्या आहेत. अशा गाड्यांचे यंत्र साधे असते. ते समजून घेतले तर पुष्कळ दोष मालकाला स्वतः ओळखता येतात.

जुन्या गाडीच्या दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. पहिली, "एंजिन उभ्या गाडीत धडधडते व बंद पडते." दुसरी, "ब्रेक जड झाला आहे." या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजून पहिलीसाठी कार्बुरेटर खोलला जातो आणि दुसरीसाठी ब्रेकचे लायनर बदलले जातात. खर्च होतो, परंतु दोष कायम राहतो. ज्या गाडीत ब्रेकच्या मदतीला बूस्टर बसविलेला असतो, तीत या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच, म्हणजे हवेची गळती, असते. याच्या उलट, ज्या जीपेत बूस्टरच नाही तिच्या जड ब्रेकचा हवेच्या गळतीशी काही संबंध नसतो. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे पाहून क्रमाने तपासणी करणे, हेच दुरुस्तीचे पहिले पाऊल होय.

निर्वात म्हणजे काय

पेट्रोल एंजिनात दट्ट्या खाली जाताना हवा आत ओढतो. ही हवा कार्बुरेटरातून येते व येताना योग्य प्रमाणात पेट्रोल बरोबर आणते. कार्बुरेटराच्या तळाशी एक गोल पडदी असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते व सोडला की जवळजवळ बंद होते. गाडी उभी असून एंजिन मंद चालत असते तेव्हा ही पडदी मिटलेली असते आणि दट्टे मात्र हवा ओढीत असतात. त्यामुळे पडदीच्या पलीकडील नळीत हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी होतो. दाबाच्या या उणेपणास निर्वात, अथवा कारागिरांच्या भाषेत व्हॅक्युम, म्हणतात.

निर्वात पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीच्या गावी सुस्थितीतील पेट्रोल एंजिन मंद चालत असता मापकाचा काटा साधारणतः १७ ते २१ इंचांवर, म्हणजे सुमारे ४३० ते ५३० मिलिमीटरवर, स्थिर राहतो. गाव जसजसे उंचावर असेल तसतसे हे मान घटते. दर १,००० फूट उंचीस सुमारे १ इंच अशी ही घट असते. यास्तव अलिबागेस १९ इंच दाखविणारे एंजिन पुण्यास सुमारे १७ आणि महाबळेश्वरी सुमारे १५ इंच दाखवील. हा एंजिनाचा दोष नव्हे.

डिझेल एंजिनात कार्बुरेटर नसतो व जुन्या डिझेल एंजिनात हवा अडविणारी पडदीही बहुधा नसते. त्यामुळे ब्रेकच्या कामी येईल इतका निर्वात तेथे आपोआप निर्माण होत नाही. त्यासाठी निराळा व्हॅक्युम पंप लागतो. पुष्कळ डिझेल गाड्यांत तो वीज निर्माण करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीस जोडलेला असतो व त्याच पट्ट्यावर चालतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

गळतीची लक्षणे

पडदीच्या पलीकडे एखादा सांधा सैल झाला, पॅकिंग फाटले किंवा रबरी नळीस चीर पडली, तर तेथून बाहेरची हवा आत शिरते. ही हवा कार्बुरेटरातून आलेली नसल्यामुळे तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही. मिश्रण पातळ होते व पुढील लक्षणे दिसू लागतात.

एंजिन मंद चालत असता धडधडते, कधी आपोआप वेग घेते तर कधी बंद पडते. सकाळी चालू होण्यास त्रास देते. ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यास क्षणभर अडखळते किंवा कार्बुरेटरातून फटका मारते. कान देऊन ऐकल्यास कोठेतरी बारीक सुस्कारा येतो. प्लग काढून पाहिल्यास त्यांची टोके कोरडी व पांढुरकी दिसतात.

निदानाची खरी खूण मात्र निराळी आहे. गळतीतून शिरणारी हवा मंद चालीत एकूण हवेचा मोठा भाग असते. एंजिन वेगाने चालू लागले की तीच हवा एकूण हवेच्या मानाने थोडी ठरते. म्हणून ज्या एंजिनाची मंद चाल वाईट आणि वेगातील चाल चांगली, तेथे हवेच्या गळतीचा संशय घ्यावा. दोन्ही चाली वाईट असतील तर प्लग, पॉइंट, पेट्रोलचा पुरवठा किंवा व्हॉल्व्ह यांकडे पाहावे. आणखी एक सोपी परीक्षा आहे. तापलेले एंजिन मंद चालत असता चोक थोडा ओढावा. चाल सुधारली तर मिश्रण पातळ आहे असे समजावे. ती अधिकच बिघडली तर मिश्रण आधीच दाट आहे व गळतीचा शोध व्यर्थ होय.

अलीकडे यात एका गोष्टीची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात विक्रीस येऊ लागले व पुढे त्याचा प्रसार सर्वत्र झाला. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकास इथेनॉल अपरिचित नाही. परंतु जुनी जीप ते ध्यानात ठेवून घडविलेली नव्हती. इथेनॉलात प्राणवायू असल्यामुळे पूर्वीच्या मापाच्या कार्बुरेटरात मिश्रण थोडे पातळच होते. शिवाय जुन्या रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलाने फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. इंधनामुळे आलेला पातळपणा सर्व वेगांत सारखा जाणवतो, तर गळतीचा पातळपणा मंद चालीत विशेष जाणवतो. जुन्या गाडीच्या पेट्रोल नळ्या इथेनॉलास टिकणाऱ्या जातीच्या घालून घ्याव्यात. पेट्रोलची गळती हवेच्या गळतीपेक्षाही घातक असते.

गळती शोधण्याची रीत

प्रथम प्लगमधील अंतर व पॉइंटमधील अंतर बरोबर करून घ्यावे. विलीज घडणीच्या चार सिलिंडरच्या जीपेत प्लगचे अंतर ०.०३० इंच व पॉइंटचे ०.०२० इंच असते. हे न करता गळतीच्या मागे लागल्यास दोन दोष एकमेकांत मिसळतात व निदान चुकते.

तपासणी उघड्यावर करावी. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये एंजिन चालू ठेवल्यास धुरातील विषारी वायूने माणूस बेशुद्ध पडतो व दगावतोही. चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि धोतराचा सोगा, पदर, मफलर किंवा सैल बाही पंख्याजवळ जाऊ देऊ नये.

नंतर एंजिनाला जोडलेल्या प्रत्येक रबरी नळीचा माग काढावा. एक नळी ब्रेकच्या बूस्टरकडे जाते. एक क्वचित डिस्ट्रिब्यूटरच्या पडद्याकडे जाते. काही जुन्या जीपांत काचेवरील वायपर निर्वातावर चालतो, त्याची एक नळी असते. एंजिनाच्या पोटातील वाफ ओढून घेणारी आणखी एक नळी व तिचा लहान व्हॉल्व्ह असतो. एंजिन मंद चालू ठेवून एकेक नळी, तिच्यावर कापड गुंडाळून, पकडीने हलकेच चिमटावी. जी नळी चिमटताच एंजिनाची चाल सुधारते, त्या नळीत किंवा तिच्या टोकाशी असलेल्या भागात गळती आहे. ही एकच परीक्षा निम्मे काम करते. वाफेच्या नळीच्या बाबतीत मात्र थोडा फरक पडणे साहजिक आहे. तेथे चालीत एकदम मोठी सुधारणा झाली, तर तिचा व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे असे समजून तो साफ करावा.

नळ्या निर्दोष आढळल्यास सांध्यांकडे वळावे. हातभर लांबीची रबरी नळी घेऊन तिचे एक टोक कानाशी धरावे व दुसरे टोक सांध्यांवरून फिरवावे. गळतीच्या जागी सुस्कारा स्पष्ट ऐकू येतो. संशयित सांध्यावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकावेत. येथे फुगे येण्याची वाट पाहू नये. हवा आत ओढली जात असल्यामुळे पाणीही आत ओढले जाते व क्षणभर चीर बुजून एंजिनाची चाल बदलते. तीच खूण होय. काही ठिकाणी पाण्याऐवजी पेट्रोल, रॉकेल किंवा कार्बुरेटर साफ करण्याचा फवारा मारण्याची सवय आढळते. जुन्या जीपेत कार्बुरेटर व तापलेली धुराची नळी एकमेकांजवळ असतात, त्यामुळे अशा परीक्षेत आग लागण्याचा मोठा धोका असतो. ही सवय सर्वथा टाळावी.

कोठे पाहावयाचे हे एंजिनाच्या घडणीवर अवलंबून आहे. महायुद्धकालीन विलीज जीपेत हवेची नळी निराळी असून ती एंजिनाला पॅकिंग घालून बोल्टांनी जोडलेली असते. तेथील बोल्ट सैल होतात व पॅकिंग जळते. नंतरच्या, उंच बॉनेटच्या सी-जे-३-बी जातीच्या जीपेत ही नळी सिलिंडरच्या माथ्यातच ओतलेली असते, म्हणून तसा सांधाच नसतो. तेथे कार्बुरेटरखालचे पॅकिंग ही पहिली संशयाची जागा होय. दोन्ही प्रकारांत कार्बुरेटरच्या पडदीचा आस वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतो. हा आस बोटाने वरखाली हलवून पाहावा. हलविताच चाल बदलली तर तेथून हवा शिरत आहे असे निश्चित समजावे. यास पॅकिंग बदलणे उपयोगी नाही. नवा बुश घालावा लागतो.

निर्वात मापक मिळाल्यास निदान अधिक सुलभ होते. काटा स्थिर परंतु खाली राहिल्यास गळती किंवा ठिणगीची वेळ मागे पडणे हे कारण असते. काटा ठरावीक अंतराने झटका देऊन उतरत असल्यास एखादा व्हॉल्व्ह जळलेला किंवा अडकत आहे. वेग वाढवून धरला असता काटा हळूहळू उतरत गेल्यास सायलेन्सर तुंबलेला आहे. मापकाची किंमत जुन्या गाडीच्या एका चुकीच्या दुरुस्तीहून कमी पडते. गावातील चार-पाच गाडीमालकांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

येथे एका सर्रास चुकीचा उल्लेख करणे अवश्य आहे. एंजिन बंद पडते म्हणून मंद चालीचा स्क्रू पिळून वेग वाढविला जातो. एंजिन बंद पडणे थांबते व गाडी दुरुस्त झाली असे वाटते. प्रत्यक्षात गळती जागच्या जागी राहते, मिश्रण पातळच राहते आणि व्हॉल्व्ह तापून जळू लागतात. बूस्टरची नळी गळत असेल तर ब्रेकचे बळही गुपचूप घटत जाते. दोष झाकला गेल्यामुळे तो घाटाच्या उतारावर प्रकट होतो. म्हणून गळती सापडल्याखेरीज त्या स्क्रूस हात लावू नये.

बूस्टर आणि त्याची परीक्षा

बूस्टर म्हणजे ब्रेकच्या पायटाजवळ बसविलेला पत्र्याचा गोल डबा. त्याच्या आत रबरी पडदा असतो. एरवी पडद्याच्या दोन्ही बाजूंस निर्वात असतो. पायट दाबताच एका बाजूस बाहेरची हवा शिरते व ती पडद्यास पुढे रेटते. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा व निर्वात ५०० मिलिमीटर धरल्यास हा रेटा हिशेबाने सुमारे २०० किलो भरतो. निर्वात निम्मा झाला की मदतही निम्मी होते. तेवढे बळ मग चालकाच्या पायास द्यावे लागते. म्हणून "ब्रेक जड झाला" या तक्रारीचा अर्थ, पायटाची मदत गेली, असा प्रथम घ्यावा.

बूस्टरची परीक्षा गाडी सपाट जागी उभी ठेवून, काही न खोलता, पुढीलप्रमाणे करता येते.

१. एंजिन बंद ठेवून पायट चार-पाच वेळा दाबावा. आतील शिल्लक निर्वात संपतो व पायट कडक होतो. आता पायट दाबून धरूनच एंजिन चालू करावे. पायट किंचित खाली गेला तर बूस्टर काम करीत आहे. जागचा हलला नाही तर निर्वात पोचत नाही किंवा बूस्टर निकामी आहे.

२. एंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे. थोडे थांबून पायट दाबावा. पहिला दाब मऊ व खोल आणि पुढचे दाब क्रमाने उंच व कडक लागावयास पाहिजेत. पहिलाच दाब कडक लागला तर नळीवरील एकदिशा व्हॉल्व्ह गळतो व साठा टिकत नाही.

३. एंजिन चालू असता पायट दाबून धरावा व तसाच धरून एंजिन बंद करावे. अर्ध्या मिनिटात पायट वर उचलला जाऊ नये. उचलला गेल्यास बूस्टरमध्ये गळती आहे.

४. एंजिन मंद चालत असता पायट दाबावा. दाबताच पायाशी सुस्कारा कायम ऐकू येऊन एंजिनाची चाल बिघडली तर बूस्टरचा पडदा फाटला आहे. एंजिनाचा व ब्रेकचा दोष येथे एकाच छिद्रातून निर्माण झालेला असतो.

आणखी एक फसवी अवस्था ध्यानात ठेवावी. ब्रेक ऑइल वारंवार कमी होते, परंतु कोठेही बाहेर ओल दिसत नाही व पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. अशा वेळी मास्टर सिलिंडरचे मागचे रबर गळून ऑइल बूस्टरमध्ये व तेथून निर्वाताच्या नळीने एंजिनात ओढले जात असते. मास्टर सिलिंडर सोडवून बूस्टरचे तोंड पाहिल्यास आत ओल सापडते.

डिझेल गाडीत प्रथम पट्टा पाहावा. पट्टा सैल झाला तर व्हॅक्युम पंप पुरेसा फिरत नाही. तो तुटला तर अल्टरनेटर व पंप दोन्ही थांबतात. म्हणजे ज्या गाडीत पंप अल्टरनेटरवर आहे, तीत चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागला, तर पुढच्या दोन-तीन दाबांत ब्रेकची मदतही जाणार आहे असे समजावे. "बॅटरीचे काय, घरी गेल्यावर पाहू" असे म्हणून पुढे जाणे धोक्याचे होय. गाडी लगेच, साठ्यातील मदत शिल्लक असतानाच, बाजूस थांबवावी.

बूस्टर नसलेल्या जीपेतील ब्रेक

मूळ विलीज घडणीच्या जीपेत बूस्टर नसतो. चारही चाकांत ड्रमचे ब्रेक असून पायाचा दाब ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोचतो. ऑइलचा मार्ग एकच असतो. कोठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणून ऑइलची पातळी व नळ्या यांची पाहणी हा या गाडीच्या सुरक्षिततेचा आधार आहे. मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खाली असल्यामुळे तिकडे दुर्लक्ष होते. बूच उघडण्यापूर्वी भोवतालचा चिखल पुसून काढावा. पातळी तोंडापासून सुमारे अर्धा इंच खाली असावी.

ब्रेकचा दोष पायाला काय जाणवते यावरून बराचसा ओळखता येतो. पुढील लक्षणे बूस्टर असलेल्या गाडीसही लागू आहेत.

पायट स्पंजासारखा मऊ लागतो : नळ्यांत हवा शिरली आहे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून हवा काढावी. एकाने पायट दाबून धरावा, दुसऱ्याने चाकामागील निपल सैल करून ऑइल पारदर्शक नळीने बाटलीत घ्यावे व निपल बंद केल्यावरच पायट सोडावा. बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे करावे. मधूनमधून मास्टर सिलिंडर भरत राहावा, नाहीतर पुन्हा हवा शिरते. निघालेले ऑइल परत वापरू नये.

पायट खोल जातो, परंतु दोन-तीनदा दाबल्यावर वर येतो : लायनर झिजून ड्रमपासून दूर गेले आहेत. शूंचे अंतर जुळवून घ्यावे. लायनर रिव्हेटपर्यंत झिजले असल्यास बदलावेत.

पायट दाबून धरला असता सावकाश खाली जातो : कोठेतरी गळती आहे. नळ्यांचे सांधे व चाकांच्या आतील बाजू पाहाव्यात. बाहेर ओल नसेल तर मास्टर सिलिंडरचे रबर झिजले आहे. अशी गाडी दुरुस्तीवाचून रस्त्यावर नेऊ नये.

पायट कडक, परंतु गाडी थांबत नाही : बूस्टर नसलेल्या गाडीत याचे कारण काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर, त्यांवरील ऑइल किंवा ग्रीज अथवा चाकातील सिलिंडरचे गंजून अडकलेले दट्टे यांत शोधावे.

ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढते : आधी दोन्ही पुढील टायरांतील हवा सारखी करावी. नंतर थोडी गाडी चालवून प्रत्येक ड्रमजवळ तळहात न्यावा. ड्रमला हात लावू नये, भाजतो. ज्या बाजूचा ड्रम थंड, तेथील ब्रेक लागत नाही. जो फार तापला, तेथील ब्रेक सुटत नाही.

ब्रेक लागून राहतो : पायटास आरंभी सुमारे अर्धा इंच मोकळी चाल असावयास पाहिजे. ती नसेल तर मास्टर सिलिंडरमधील बारीक छिद्र झाकले जाते व दाब अडकून राहतो. चाल बरोबर असूनही ब्रेक सुटत नसेल, तर अडकलेल्या चाकाचे निपल किंचित सैल करावे. ऑइल जोराने उडून चाक मोकळे झाले तर दाब नळीत अडकला आहे. रबरी होज पाइप आतून फुगून बंद झाल्यास असेच होते. चाक मोकळे झाले नाही तर स्प्रिंग किंवा शू अडकला आहे.

ऑइल, धूळ आणि पाणी

ब्रेकमध्ये केवळ ब्रेक ऑइलच घालावे. एंजिन ऑइल, गोडे तेल किंवा रॉकेल यांचा एक पेलाही सर्व रबरे फुगवून निकामी करतो. असे घडल्यास सर्व रबरे बदलून नळ्या धुवून काढण्यावाचून गत्यंतर नसते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा शोषलेल्या ऑइलाचा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की असे ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पायट एकदम तळाशी जातो. कोकणासारख्या दमट प्रदेशात ही शक्यता अधिक असते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि उघडून ठेवलेल्या डब्यातील जुने ऑइल वापरू नये.

जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांना अपाय करते. ड्रम उघडल्यावर धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

भातखाचरातून किंवा ओढ्यातून गाडी गेल्यास ड्रममध्ये पाणी व चिखल जातो. बाहेर आल्यावर थोडे अंतर सावकाश जाऊन ब्रेक हलके दाबत राहावे, म्हणजे लायनर सुकतात. नंतर एकदा पूर्ण ब्रेक लावून खात्री करावी व मगच वेग घ्यावा.

घाट उतरताना

वरंधा किंवा आंबेनळी यांसारख्या घाटांत इंधन वाचविण्यासाठी एंजिन बंद करून गाडी उतारावर सोडण्याची खोड काही चालकांस असते. वरील विवेचनावरून तिचा धोका ध्यानात येईल. एंजिन बंद होताच निर्वात निर्माण होणे थांबते. बूस्टरमधील साठा दोन-तीन दाबांत संपतो. गिअर नसल्यामुळे एंजिनाची रोखही मिळत नाही. मग सारा भार लायनरांवर पडतो, ते तापतात व ऑइल उकळण्याचा संभव निर्माण होतो. वाचलेले इंधन लिटरभरही नसते, आणि मागे माणसे बसलेली असतात. ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे.

उतारावर ब्रेक गेलाच तर पायट भराभर दाबून पाहावा, एकेक खालचा गिअर घ्यावा व हातब्रेक हळूहळू ओढावा. विलीज घडणीच्या जीपेत हातब्रेक चाकांवर नसून मागील दांड्यावर असतो व ऑइलवर अवलंबून नसतो. त्यामुळे ऑइल गेले तरी तो उपयोगी पडतो. मात्र तो नेहमी जुळवून ठेवलेला असला पाहिजे. गाडी डोंगराच्या बाजूस घ्यावी, दरीच्या बाजूस कदापि नेऊ नये.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील जुन्या गाड्यांच्या मालकांस एकत्र बोलावून वरील परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. त्यांस तासाभरापेक्षा अधिक वेळ लागत नाही. खाजगी गाडीच्या नोंदणीस १५ वर्षे झाल्यावर तिचे नूतनीकरण करावे लागते व त्या वेळी गाडीची तपासणी होते. परंतु दोन तपासण्यांमध्ये वर्षे जातात, आणि रबराची नळी त्यांची वाट पाहत नाही.

मालकांनी पुढील क्रम पाळावा. दररोज गाडी हलविण्यापूर्वी पायट एकदा दाबून पाहावा. दर आठवड्यास ऑइलची पातळी व पट्ट्याचा ताण पाहावा. दर महिन्यास सर्व रबरी नळ्या वाकवून त्यांवरील चिरा तपासाव्यात व बूस्टर असल्यास त्याच्या परीक्षा कराव्यात. मंद चाल बिघडली तर प्रथम नळ्या चिमटून पाहाव्यात, स्क्रू पिळू नये. पायट जड झाला तर प्रथम निर्वात पाहावा, नंतर लायनर. पायट मऊ झाला किंवा खाली गेला तर गाडी जागेवरून हलवू नये.

हातभर रबरी नळी, पकड, साबणाचे पाणी आणि लक्षपूर्वक ऐकणारा कान एवढ्या साधनांनी यांतील बहुतेक निदान होते. निदान बरोबर झाल्यावर दुरुस्ती अनुभवी कारागिराकडून करून घ्यावी व कोणता भाग का बदलावयाचा हे त्यास नेमके सांगावे. असे केल्याने पैसा वाचतो, आणि घरून निघालेली गाडी माणसांसह घरी परत येते.